जुन्या नोटांचे प्रदर्शन : प्रकल्प नोंदी, जानेवारी ते मार्च २०१९

५ जानेवारी २०१९, शनिवार

आमच्या नाशिकरोडच्या वाचनालयाला गेल्या दिवाळीत एका दिवंगत सभासदाच्या कुटुंबीयांनी जुन्या भारतीय नोटांचा जो संग्रह भेट दिला, त्याची मोजदाद आज पूर्ण झाली. एकूण नोटा ४३ भरल्या. त्यांतील सर्वांत जुनी १९१७ सालची एक रुपयाची आहे आणि सर्वांत अलीकडच्या चार नोटा गांधी जन्मशताब्दीच्या, म्हणजे १९६९ च्या आहेत. मार्च महिन्यात या संग्रहाचे छोटे प्रदर्शन भरवावे असे कार्यकारी मंडळाने ठरवले असून मथळे, माहितीफलक आणि मांडणी यांचे काम माझ्याकडे आले आहे. मदतीला महाविद्यालयात शिकणारे दोन विद्यार्थी आहेत, आणि पस्तीस वर्षे प्रेसमध्ये काढलेले आमचे अण्णा आहेत. नाशिकरोडला नुसते ‘प्रेस’ म्हटले की नोटांचा छापखाना, हे येथे कोणाला समजावून सांगावे लागत नाही.

मंडळाच्या बैठकीत प्रदर्शनाचे नाव ‘राजापासून महात्म्यापर्यंत’ ठेवावे, अशी सूचना आली. नाव आकर्षक आहे, परंतु मी त्याला विरोध नोंदवला. नोटेवरचा चेहरा पाहणाऱ्याला आपोआप दिसतो, त्यासाठी फलकाची गरज नाही. उलट नोटेवर जे लिहिलेले असते ते वर्षानुवर्षे हाताळूनही आपण वाचत नाही, आणि जुन्या नोटांचा खरा इतिहास त्या लिखाणातच आहे, असे माझे मत आहे. म्हणून प्रत्येक नोटेच्या मथळ्यात तीन गोष्टी आधी यायच्या असे ठरवले आहे : वचन कोणी दिले आहे, ते कोठे वटणार आहे, आणि ते कोणकोणत्या लिप्यांत सांगितले आहे. चित्र, रंग, आकार हे सारे त्यानंतर.

९ जानेवारी, बुधवार

संग्रहाची अवस्था तपासली. बहुतेक नोटा मऊ प्लास्टिकच्या पाकिटांत होत्या. असे प्लास्टिक कालांतराने चिकट होऊन कागदाला धरते, त्यामुळे सर्व नोटा काढून कडक पॉलिस्टरच्या पाकिटांत घातल्या. सहा नोटांच्या घड्यांवर कोणीतरी चिकटपट्टी लावलेली आहे. ती जुनी होऊन पिवळी पडली आहे आणि काढू गेल्यास छपाईचा थर सोबत निघेल, म्हणून तिला हात न लावण्याचा निर्णय घेतला. एका विद्यार्थ्याने नोटा इस्त्री करून सरळ कराव्यात असे सुचवले. हेतू चांगला होता, पण उष्णतेने कोरीव छपाईचा उठाव दबतो, हे अण्णांनी त्याला नखाने नोट चाचपून दाखवले.

जलचिन्हे पाहण्यासाठी जुन्या काचेच्या टेबलाखाली दिवा लावून सोय केली आहे.

११ जानेवारी, शुक्रवार

आज मुंबईस जाऊन फोर्टातील रिझर्व्ह बँकेचे संग्रहालय पाहिले. आमच्याकडे १९१७ पूर्वीचे काहीही नसल्याने पहिल्या फलकासाठी मूळ नोटा डोळ्यांनी पाहणे आवश्यक होते.

सरकारी नोटांच्या आधी खासगी आणि इलाख्यांच्या बँकांच्या नोटा होत्या. बँक ऑफ बेंगॉल १८०६ मध्ये बँक ऑफ कलकत्ता या नावाने सुरू झाली, बँक ऑफ बॉम्बे १८४० मध्ये आणि बँक ऑफ मद्रास १८४३ मध्ये. बँक ऑफ बेंगॉलच्या एका मालिकेत धक्क्यावर बसलेली व्यापाराची स्त्रीरूप प्रतिमा आहे, आणि त्याच बाजूला बँकेचे नाव व रक्कम उर्दू, बंगाली आणि नागरी अशा तीन लिप्यांत छापली आहे. बँक ऑफ बॉम्बेच्या नोटेवर मुंबईचा टाऊन हॉल आणि माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन व जॉन माल्कम या दोन गव्हर्नरांची चित्रे आहेत. कंपनी सरकारची ओळख सांगणारी चित्रे वर आणि ग्राहकाला कळणारी अक्षरे बाजूला, ही विभागणी येथपासूनच दिसते.

१८५७ च्या उठावानंतर सरकारी तिजोरीची जी ओढाताण झाली, ती सावरण्यासाठी जेम्स विल्सन यांना पहिले अर्थसदस्य म्हणून कलकत्त्यास पाठवण्यात आले. मूळचे टोप्यांचे उत्पादक असलेल्या या गृहस्थांनी सरकारी कागदी चलनाची योजना मांडली, पण ऑगस्ट १८६० मध्ये आमांशाने त्यांचे कलकत्त्यातच निधन झाले. त्यांच्या जागी आलेल्या सॅम्युएल लँग यांनी योजनेत बदल केले, १८६१ चा कागदी चलनाचा कायदा झाला, तो १ मार्च १८६२ पासून अमलात आला आणि नोटा काढण्याचा इलाखा बँकांचा अधिकार संपला. विल्सन यांना नोटांच्या मागे ठेवायच्या धातूच्या प्रमाणात थोडी मोकळीक हवी होती. कायद्याने मात्र केवळ ४ कोटी रुपयांपर्यंतच्या नोटांना सरकारी रोख्यांचा आधार मान्य केला आणि त्यापुढच्या प्रत्येक नोटेमागे धातू ठेवणे भाग पाडले. म्हणजे तिजोरीत खणखणीत रुपया असल्याशिवाय कागद बाहेर पडत नसे.

व्हिक्टोरिया राणीचे चित्र असलेल्या या पहिल्या सरकारी नोटा १०, २०, ५०, १०० आणि १००० रुपयांच्या होत्या. त्या एकाच बाजूने छापलेल्या होत्या आणि मागची बाजू कोरी होती. इंग्लंडमधील लेव्हरस्टोक येथील कागदाच्या गिरणीत हाताने साच्यावर घातलेल्या कागदात शब्द आणि नागमोडी रेषा जलचिन्हाच्या रूपाने उतरवलेल्या होत्या, आणि छापील मजकुरात दोन भारतीय भाषांच्या चौकटी होत्या. बनावट नोटांचा इतका सुळसुळाट झाला की १८६७ पासून ही मालिका मागे घेऊन रंगीत तळछपाईची, म्हणजे मजकुराच्या खाली रंगीत नक्षी छापलेली, नवी मालिका आणावी लागली. राणीचा चेहरा जुन्या मालिकेबरोबर गेला तो गेलाच. पुढची पन्नास वर्षे हिंदुस्थानच्या सरकारी नोटेवर कोणाचाही चेहरा नव्हता. मंडळाच्या ‘राजापासून’ या शब्दाला याहून चांगले उत्तर मला सापडले नसते.

काचेपलीकडून नोटा पाहताना मला आपली हुंडी आठवली. हुंडीत रक्कम आकड्यांत, अक्षरांत, पुन्हा तिचे निमे आणि निम्याची दुप्पट अशी लिहिलेली असे, म्हणजे कोणी एक आकडा खोडला तरी बाकीचे साक्षीला उभे राहत. नोटेवर रक्कम अनेक लिप्यांत लिहिणे हीसुद्धा एका अर्थी तशीच साक्ष आहे. हा विचार फलकावर एका वाक्यात घ्यावयाचा आहे.

१६ जानेवारी, बुधवार

दुसऱ्या फलकाचा मसुदा लिहिला. विषय एकच : नोट वटायची कोठे. आजच्या वाचकाला हा प्रश्नच विचित्र वाटेल, आणि म्हणूनच या फलकाला सर्वाधिक जागा द्यायची आहे.

१८६१ च्या कायद्याने देशाचे चलन-विभाग पाडले. कलकत्ता, मुंबई व मद्रास ही मूळ केंद्रे, आणि पुढे लाहोर, कराची, रंगून, कानपूर यांची त्यांत भर पडली. काही काळ लहान उपकेंद्रेही होती, आणि त्यांत नागपूर व अकोला ही आपल्याकडची दोन नावे आहेत. अकोल्याचे नाव पाहून विद्यार्थी चकित झाले. वऱ्हाडच्या कापसाच्या बाजारात हंगामात केवढी रोकड लागत असेल, याचा विचार केला तर त्यात चकित होण्यासारखे फारसे नाही. प्रत्येक नोटेवर तिच्या केंद्राचे नाव छापलेले असे, आणि त्या नोटेचे रुपये मागण्याचा कायदेशीर हक्क फक्त त्याच विभागात असे. मुंबईची नोट घेऊन मद्रासला गेलेल्या व्यापाऱ्याला तेथील कचेरीने रुपये मोजून दिलेच पाहिजेत, असे बंधन नव्हते. मग तो सराफाकडे जाई आणि बट्टा सोसून ती मोडून घेई. नोट सरकारची असली तरी तिचे वचन एका गावाला बांधलेले होते, अगदी एखाद्या पेढीवरच्या हुंडीसारखे.

हिरव्या तळछपाईच्या या नोटांवर चार भाषांच्या चौकटी होत्या आणि त्या कोणत्या असाव्यात हे केंद्रानुसार बदलत असे. जी नोट विशिष्ट मुलखातच चालायची होती, तिला त्या मुलखाच्या भाषा पुरेशा होत्या. पुढे हे कुंपण हळूहळू काढले गेले. १९०३ मध्ये ५ रुपयांची नोट ब्रह्मदेश वगळून सर्वत्र वटण्याजोगी झाली, १९०९ मध्ये ब्रह्मदेशही त्यात आला, १९१० मध्ये १० आणि ५० रुपयांच्या नोटा मोकळ्या झाल्या आणि १९११ मध्ये १०० रुपयांची. या सार्वत्रिक नोटांसाठी लाल तळछपाई आली, आणि तिच्यावरच्या भाषांच्या चौकटी चारावरून आठ झाल्या. संपूर्ण प्रदर्शनात मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा बदल हाच आहे. नोटेवर अनेक भाषा आहेत त्या देशाच्या विविधतेचा गौरव करण्यासाठी, असे आपण शाळेत सांगतो. प्रत्यक्षात त्या वाढल्या त्या वचनाचा पल्ला वाढला म्हणून. जेथे जेथे नोट वटणार, तेथल्या माणसाला ती किती रुपयांची आहे हे परक्याला न विचारता कळले पाहिजे, एवढा साधा व्यवहार त्यामागे होता.

विद्यार्थ्यांनी येथे ‘विविधतेत एकता’ हे शब्द घालण्याचा आग्रह धरला. ते मी काढून टाकले. थोडी नाराजी झाली.

याच फलकावर अर्ध्या नोटांचा उल्लेख करायचा आहे. मोठ्या रकमेची नोट टपालाने पाठवताना ती मधोमध कापून एक तुकडा आधी रवाना करण्याची आणि तो पोहोचल्याची खबर आल्यावर दुसरा पाठवण्याची व्यापाऱ्यांमध्ये पद्धत होती. क्रमांक दोन्ही अर्ध्या भागांवर छापलेला असल्याने जोड लावणे सोपे जाई. वाटेत एक तुकडा चोरीला गेला तरी चोराच्या हाती निम्मा कागदच लागे. आज अशा जोडलेल्या नोटा संग्राहकांच्या बाजारात ‘खराब’ म्हणून कमी किमतीला जातात, हे मला पटत नाही. नोटेच्या वापराचा इतका बोलका पुरावा दुसरा कोणता असेल?

२० जानेवारी, रविवार

१९१७ ची एक रुपयाची नोट आज दिव्यावर ठेवून सविस्तर पाहिली. तिच्या डाव्या कडेला बारीक छिद्रांची ओळ फाटल्याच्या खुणा आहेत. माझ्या टिपणात मी आधी ‘कड खराब’ असे लिहिले होते. ती चूक दुरुस्त केली. या नोटा २५ च्या पुस्तिकेत मिळत आणि धनादेशासारख्या फाडून दिल्या जात, त्यामुळे ती फाटकी कडच तिच्या अस्सलपणाची खूण आहे.

ही नोट ३० नोव्हेंबर १९१७ रोजी चलनात आली. पहिल्या महायुद्धात चांदीचा भाव असा चढला की रुपयातील चांदीच रुपयाहून महाग होऊ लागली. एक तोळा वजनाच्या त्या नाण्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी होती, तेव्हा ते वितळवण्याचा मोह होणारच. नाणी बाजारातून नाहीशी होत होती आणि तिजोरीतला धातूही आटत चालला होता. १९१८ मध्ये अमेरिकेने पिटमन कायदा करून आपल्या साठ्यातील सुमारे २० कोटी औंस चांदी हिंदुस्थानसाठी विकली, त्यानंतर परिस्थिती काहीशी सावरली. दरम्यान, लोकांना बंदा रुपया वाजवून घेण्याची सवय असताना त्यांच्या हाती न वाजणारा कागद द्यायचा होता. त्यावर रचनाकाराने काढलेला तोडगा मला फार आवडतो : त्याने नोटेवर पाचव्या जॉर्जचा रुपयाच छापला. राजाचा मुखवटा सरकारी नोटेवर परत आला तो असा, नाण्याच्या चित्रातून. मागच्या बाजूस ‘एक रुपया’ हे आठ भाषांत आहे.

याच सुमारास २ रुपये ८ आण्यांचीही नोट निघाली. अडीच रुपयांची नोट म्हटल्यावर आज हसू येते, पण सोळा आण्यांच्या हिशोबात ती अवघड नव्हती. या लहान नोटा छापण्याचा खर्च परवडेनासा झाल्याने १ जानेवारी १९२६ पासून त्या बंद केल्या गेल्या. आमच्याकडे अडीचची नोट नाही. फलकावर केवळ उल्लेख करू.

२७ जानेवारी, रविवार

राजाच्या चित्राची पूर्ण मालिका मे १९२३ मध्ये १० रुपयांच्या नोटेपासून सुरू झाली. कागदापासून छपाईपर्यंत सारे इंग्लंडहून येत असे. नाशिकरोडला सिक्युरिटी प्रेसची उभारणी १९२५ च्या सुमारास झाली, १९२८ मध्ये येथे ५ रुपयांची नोट छापली गेली आणि १९३२ पर्यंत सर्व दर्शनी किमतींच्या नोटा येथेच निघू लागल्या. ‘दर्शनी किंमत’ हा शब्द मी वापरला खरा, पण दर्शनी हुंडीची, म्हणजे दाखवताच पैसे द्यायच्या हुंडीची, आठवण येऊन वाचकाचा गोंधळ होईल, अशी शंका अण्णांनी काढली. तेव्हा फलकावर सरळ ‘सर्व रकमांच्या नोटा’ असे लिहू.

अण्णांनी आज तासभर बसून विद्यार्थ्यांना कोरीव छपाई समजावून सांगितली. धातूच्या पत्र्यात रेषा खोदायच्या, खाचांत शाई भरायची, वरचा भाग पुसून काढायचा आणि जबर दाब देऊन ती शाई ओलसर कागदावर उचलून घ्यायची. त्यामुळे राजाच्या गालावरची सावली ही सलग छटा नसून बारीक रेषा आणि ठिपके यांचे जाळे असते, आणि बनावट नोट करणाऱ्याचा हात नेमका तेथे अडतो, कारण रेषेची जाडी किंचित बदलली तरी चेहऱ्याचा भाव बदलतो. माणूस चेहऱ्यातला फरक चटकन ओळखतो, नक्षीतला ओळखत नाही. चेहऱ्याला नोटेवर जागा मिळते ती केवळ राजनिष्ठेपोटी नव्हे, हे मला मान्य करावे लागले. पाचव्या फलकावर चेहऱ्यासाठी अर्धा स्तंभ वाढवला.

३ फेब्रुवारी, रविवार

रिझर्व्ह बँकेच्या पहिल्या नोटांचा फलक. बँक १ एप्रिल १९३५ रोजी सुरू झाली, परंतु तिच्या स्वतःच्या नोटा तयार नसल्याने रिझर्व्ह बँक कायद्याच्या २२ व्या कलमानुसार ती आधी सरकारच्याच नोटा देत राहिली. सहाव्या जॉर्जचे चित्र असलेली ५ रुपयांची पहिली नोट जानेवारी १९३८ मध्ये निघाली, फेब्रुवारीत १० ची, मार्चमध्ये १०० ची आणि जूनमध्ये १००० व १०,००० च्या. त्यांवर दुसरे गव्हर्नर जेम्स टेलर यांची सही आहे. पहिले गव्हर्नर ऑस्बर्न स्मिथ यांच्या वाट्याला एकाही नोटेवर सही करणे आले नाही.

बँकेच्या मुद्रेची हकिकत मथळ्यात घेतलीच पाहिजे. ईस्ट इंडिया कंपनीच्या दुहेरी मोहर या सोन्याच्या नाण्यावर सिंह आणि ताडाचे झाड होते. तेच घेऊन सिंहाच्या जागी हिंदुस्थानला अधिक साजेसा वाघ बसवावा असे ठरले. कलकत्त्याच्या बेल्वेडिअर या वाड्याच्या फाटकावरील वाघाचा पुतळा नमुन्यासाठी घेतला गेला, पण कागदावर उतरलेला वाघ पाहून टेलर यांनी तो कुठल्यातरी जातीच्या कुत्र्यासारखा दिसतो, अशी तक्रार केली, आणि चित्र पुन्हा सुधारण्यात आले. विद्यार्थ्यांनी भिंग घेऊन आमच्या नोटांवरील वाघ तपासले. मतभेद कायम आहेत.

युद्धाचा परिणाम या मालिकेवर स्पष्ट दिसतो. ऑगस्ट १९४० मध्ये एक रुपयाची नोट परत आली, पण आता ती वेगळ्या जातीची होती. १९४० च्या वटहुकुमाने तिला नाण्याचाच दर्जा दिला होता. ती सरकारची, सही अर्थखात्याच्या सचिवाची, आणि तिच्यावर ‘मी वचन देतो’ हे वाक्य नाही, कारण ती कशाच्या बदल्यात देण्याचे वचन नसून स्वतःच रुपया आहे. १९१७ ची आणि १९४० ची नोट शेजारी ठेवल्या तर हा फरक सहज दाखवता येईल. २ रुपयांची नोट मार्च १९४३ मध्ये आली. जपान्यांनी हुबेहूब बनावट नोटा काढल्याने जलचिन्ह बदलावे लागले, राजाचे बाजूने दिसणारे चित्र जाऊन समोरून पाहणारे चित्र आले, आणि कागदात सुरक्षा धागाही याच काळात प्रथम आला. आमच्या दोन १० रुपयांच्या नोटांपैकी एकीवर राजा बाजूला पाहतो, दुसरीवर आपल्याकडे. दिव्यावर ठेवल्यावर दुसरीतला धागा काळ्या केसासारखा दिसतो.

टेलर फेब्रुवारी १९४३ मध्ये निवर्तले आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये चिंतामणराव देशमुख गव्हर्नर झाले, म्हणजे महाडजवळील नाते गावी जन्मलेल्या या मराठी गृहस्थांची सही ब्रिटिश राजाच्या चित्राखाली उमटू लागली. ती सही इंग्रजीत आहे. संग्रहात तिच्या ११ नोटा आहेत आणि त्यांतील एका २ रुपयांच्या नोटेच्या कोपऱ्यावर कोणा जुन्या मालकाने पेन्सिलीने ‘आपले’ असे लिहून ठेवले आहे. सामान्यतः असे लिखाण दोष म्हणून नोंदवायचे असते. मी ते मथळ्यात घेतले आहे.

१० फेब्रुवारी, रविवार

मोठ्या नोटांचा फलक लहानच ठेवायचा आहे, कारण आमच्याकडे त्यांपैकी एकही नाही. देशमुख गव्हर्नर असताना १२ जानेवारी १९४६ च्या वटहुकुमाने ५००, १००० आणि १०,००० रुपयांच्या नोटा रद्द झाल्या. १९५४ मध्ये १०००, ५००० आणि १०,००० च्या नोटा नव्याने निघाल्या. हजाराच्या नोटेवर तंजावरचे बृहदीश्वर मंदिर आणि पाच हजारांच्या नोटेवर मुंबईचे गेट वे ऑफ इंडिया होते. जानेवारी १९७८ मध्ये त्याही रद्द केल्या गेल्या. परकी राजाच्या आगमनाच्या स्मरणार्थ जी वास्तू उभारली आणि जिच्याखालून शेवटचे गोरे सैन्य बाहेर पडले, तिलाच स्वतंत्र देशाच्या नोटेवर जागा मिळाली, एवढे वाक्य पुरे.

१७ फेब्रुवारी, रविवार

हैदराबादच्या दोन नोटांनी सर्व वेळ घेतला, आणि तो सार्थकी लागला.

निजामाच्या राज्याचे चलन स्वतंत्र होते. मराठवाड्यात जुनी माणसे त्याला हाली सिक्का म्हणत आणि इंग्रजी रुपयाला कलदार. सात हाली म्हणजे सहा कलदार असा हिशोब औरंगाबाद-परभणीकडच्या प्रत्येक दुकानदाराला तोंडपाठ असे. वाचनालयातील बीडकडच्या एका वयस्क सभासद बाईंनी आज नोट पाहताक्षणी ‘ही हाली’ असे म्हटले आणि फलकाचे शीर्षक ठरून गेले.

तेथेही कागदी चलन आले ते महायुद्धातल्या चांदीच्या टंचाईमुळेच, १९१८ च्या कायद्याने. सुरुवातीच्या नोटा लंडनच्या वॉटरलो अँड सन्स यांनी छापल्या. १९२२ च्या मे महिन्यात ‘इजिप्त’ नावाचे जहाज फ्रान्सच्या किनाऱ्याजवळ दुसऱ्या जहाजाची धडक बसून बुडाले. त्यात सोन्याबरोबर निजाम सरकारसाठी निघालेल्या, अद्याप सही न झालेल्या नोटाही होत्या. सुमारे दशकभरानंतर इटालियन पाणबुड्यांनी सोने वर काढले तेव्हा या नोटाही हाती आल्या. सहीच नसल्याने त्या वटण्याचा प्रश्नच नव्हता. वचन लिहिलेले, पण देणाऱ्याचे नाव नसलेले, असे ते कागद आज संग्राहकांकडे आढळतात.

मराठी वाचकासाठी हैदराबादच्या नोटेचे महत्त्व तिच्यावरील भाषांत आहे. उर्दू ही दरबारची भाषा असली तरी नोटेवर तेलुगू, मराठी आणि कन्नड यांतही रक्कम आहे, कारण तेलंगण, मराठवाडा आणि कर्नाटकाचा भाग अशा तीन मुलखांत ती चालायची होती. दुसऱ्या फलकावर मांडलेली गोष्ट येथे एका लहान राज्यात पुन्हा दिसते : ज्या मुलखात वचन चालणार, त्या मुलखाची लिपी. राज्य भारतात विलीन झाल्यावर पन्नाशीच्या दशकात हाली टप्प्याटप्प्याने काढून घेण्यात आली.

२४ फेब्रुवारी, रविवार

फाळणीनंतरची एक नोट संग्रहात आहे आणि ती मी शेवटच्या फलकाच्या आरंभी ठेवत आहे. सहाव्या जॉर्जचे चित्र, रिझर्व्ह बँक ऑफ इंडियाचे नाव, आणि त्यावर ‘पाकिस्तान सरकार’ हे शब्द इंग्रजी व उर्दूत वेगळे छापलेले. पाकिस्तानची स्वतःची मध्यवर्ती बँक १ जुलै १९४८ रोजी सुरू होईपर्यंत रिझर्व्ह बँकच दोन्ही देशांचे चलन सांभाळत होती, आणि १ एप्रिल १९४८ पासून तिकडे चाललेल्या या नोटा नाशिकरोडलाच छापल्या गेल्या. मूळ मजकूर तसाच ठेवून दोन ओळी वाढवल्या आणि वचनाची हद्द बदलली.

इकडे राजाच्या जागी काय घ्यावे, याचा विचार चालू होता. प्रथम गांधीजींचे चित्र घ्यावे असे ठरून त्याचे आराखडेही झाले होते, परंतु अखेर सारनाथच्या सिंहस्तंभावर एकमत झाले. १९४९ मध्ये सरकारची एक रुपयाची नोट सिंहांसह निघाली आणि १९५० मध्ये २, ५, १० व १०० च्या. बाकीची मांडणी जवळजवळ जुनीच राहिली. १९५३ मध्ये हिंदीला नोटेवर ठळक स्थान मिळाले, तेव्हा ‘रुपया’ या शब्दाचे अनेकवचन काय करायचे, यावर वाद झाला. आधीच्या नोटांवर ‘दो रुपया’ असे एकवचनच होते. ते दुरुस्त करून अनेकवचनी रूप आले. आमच्याकडे २ रुपयांच्या दोन्ही तऱ्हा आहेत. राजमुद्रा ठरली, राज्यघटना झाली, तरी व्याकरण बाकी होते.

१९६९ च्या गांधी नोटांना चारच ओळींचा मथळा दिला. मागचा आश्रम वर्ध्याजवळच्या सेवाग्रामचा आहे, एवढे त्यात आवर्जून लिहिले.

तुलनेसाठी आजची शंभराची नोट शेजारी ठेवण्याचे ठरले आहे. तिच्या मागच्या बाजूस असमियापासून उर्दूपर्यंत पंधरा भाषा इंग्रजी वर्णानुक्रमाने आहेत आणि मल्याळम व नेपाळी यांच्यामध्ये ‘शंभर रुपये’ आहे. ही ओळ दाखवण्यासाठी विद्यार्थी कागदी बाण चिकटवणार होते. बाण नको म्हटले. शोधू दे.

२ मार्च, शनिवार

मांडणीचा शेवटचा वाद आज मिटला. भाषांच्या चौकटी बहुतेक नोटांच्या मागच्या बाजूस आहेत, म्हणून सर्व नोटा पाठ वर करून लावाव्यात, असा माझा प्रस्ताव होता. मंडळातील दोघांनी आक्षेप घेतला की लोक राजा पाहायला येतील आणि त्यांना राजाची पाठ दिसेल. आक्षेप रास्त आहे, विशेषतः अण्णांच्या त्या तासानंतर. त्यामुळे १५ महत्त्वाच्या नोटांसाठी दोन्ही बाजूंनी काच असलेल्या उभ्या चौकटी करून त्या दालनाच्या मधोमध टांगायच्या आणि उरलेल्या २८ टेबलावरच्या पेट्यांत सपाट ठेवायच्या, असे ठरले. उन्हाची तिरीप येणाऱ्या पश्चिमेच्या दोन खिडक्यांना जाड पडदे लावावे लागतील.

सुताराने पहिली चौकट दाखवायला आणली होती. तिची खाच नोटेपेक्षा दोन सूत अरुंद निघाली आणि त्यात १९१७ च्या नोटेची छिद्रांची कड झाकली जात होती. ती परत पाठवली आहे. नवी चौकट गुरुवारी येईल.